वारा पाणी कोठें ठेवतो?

(दुष्काळ-निवारण समितीच्या वार्षिक सभेंत केलेलें भाषण. सभासदांच्या इच्छेवरून अहवालासोबत छापिलें आहे.)



अहवालाचें वाचन झालें, जमाखर्च आपणांपुढें ठेवण्यांत आला; आतां वर्गणीची विनंती करण्याचें काम आमच्याकडे आलें आहे. तें वकिलाकडे सोंपविण्यांत चिटणिसांचा हेतु काय असावा, तो आम्हीं ताडला आहे. वकील मागण्यास लाजत नाहीं, अशी लोकांची समजूत आहे. परंतु मागण्यापूर्वीं एक प्रश्न आपणांपुढें मांडण्याची परवानगी असावी. तो प्रश्न मूळचा आमचा नव्हे. तो आम्हांस एका प्रतिवादीनें विचारिला होता, आणि त्या वेळीं त्याचें उत्तर आम्हांस देतां आलें नव्हतें.

२००३ सालच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. माण तालुक्यांतील एका शेतकऱ्यावर बियाणें व खत यांच्या उधारीबद्दल दावा लागला होता. वादी व्यापाऱ्याच्या बाजूनें आम्ही उभे होतों. उधारी खरी होती, वहींत सही होती, आणि व्यापारीहि सचोटीचा होता. उलटतपासणींत प्रतिवादी एवढेंच म्हणत राहिला कीं, पाऊस आला नाहीं. आम्हीं त्यास सुनावलें कीं, पाऊस न येणें हा बचाव नव्हे. तेव्हां तो शांतपणें म्हणाला, “वारं तर रोजच येत हुतं, वकीलसाहेब. पानी कुठं ठिवून आलं, तेवढं त्याला इचारा.”

कोर्टांत हंशा पिकला. हुकूमनामा आमच्या बाजूनें झाला. परंतु त्या हंशांत आम्हीहि सामील होतों, ही गोष्ट पुढें अनेक वर्षें मनास टोंचत राहिली. कारण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. तो अगदीं नेमका होता. आज तोच प्रश्न हातीं घेऊन आम्ही आपणांपुढें उभे आहों.

प्रथम वारा म्हणजे काय तें पाहूं. वारा म्हणजे चालती हवा. आणि हवा चालते ती उष्णतेमुळें. सूर्याचें ऊन सर्वत्र सारखें पडत नाहीं, आणि पडलें तरी जमीन व पाणी तें सारखें घेत नाहींत. तापलेल्या जागेवरची हवा फुगते, विरळ होते व वर चढते. तेथें हवेचा दाब उतरतो. थंड जागेवरची हवा दाट व जड राहते. तेथें दाब अधिक असतो. मग माल जसा जेथें सांठला तेथून जेथें त्याची टंचाई आहे तिकडे निघतो, तशी हवा अधिक दाबाकडून कमी दाबाकडे निघते. दाबाचा फरक जितका मोठा व मधलें अंतर जितकें थोडें, तितका वारा जोराचा.

कोंकणांतील नाखव्यास व कोळ्यास हें शास्त्र पुस्तकावांचून ठाऊक आहे. दिवसा जमीन लवकर तापते, समुद्र मागें राहतो. म्हणून दुपारीं समुद्राकडून खारा वारा येतो. रात्रीं जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून राहतो. म्हणून उत्तररात्रीं जमिनीकडून मतलई वारा सुटतो, आणि शिडाच्या होड्या त्याच वाऱ्यावर बाहेर पडत.

दिवसरात्रीचा हा व्यवहार जसा किनाऱ्यावर चालतो, तसाच वर्षाच्या हिशेबानें साऱ्या आशिया खंडावर चालतो. उन्हाळ्यांत राजस्थान-सिंधपासून तिबेटच्या पठारापर्यंत जमीन तापते, तेथें दाब उतरतो, आणि दक्षिणेकडील थंड समुद्रावरची हवा तिकडे ओढली जाते. हिंवाळ्यांत हा क्रम उलटतो. ठराविक ऋतूस येणारे म्हणून अरब खलाशांनीं ज्या शब्दानें या वाऱ्यांस ओळखिलें, त्याचेंच ‘मोसमी’ हें आपल्याकडील रूप आहे. धूमकेतूमुळें ज्याचें नांव घरोघर झालें त्या एडमंड हॅलीनें १६८६ सालीं उष्णतेचें हें कारण मांडलें. वारे सरळ न येतां कलते कां येतात याचा उलगडा १७३५ सालीं जॉर्ज हॅडलीनें केला. त्याचें कारण त्यानें पृथ्वीच्या फिरण्यांत दाखविलें. हा हॅडली पेशानें आमच्यासारखाच वकील होता. तेव्हां वाऱ्यावर बोलण्याचा वकिलास अधिकार काय, असें कोणीं विचारूं नये!

व्यापारी मंडळींस तर या वाऱ्यांचें ऋण फार जुनें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत कल्याण व सोपारा हीं बंदरें आणि पैठण व तेर या बाजारपेठा नमूद आहेत. पैठण-तेरचा माल गाड्यांनीं भडोच बंदरास जाई. मिसर देशाकडील जहाजें नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येत व ईशान्येच्या वाऱ्यावर परत जात. म्हणजे ज्या वाऱ्यानें या देशांत नांगर चालविला, त्यानेंच येथें तराजूहि चालविला.

आतां या वाऱ्याचा प्रवास पाहूं. तो मूळचा आपल्या समुद्रांतील नव्हे. दक्षिण हिंदी महासागरांत, मादागास्करच्या पूर्वेकडे, त्या ऋतूंत हवेचा दाब मोठा असतो. तेथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशास घांसून सोमालियाच्या किनाऱ्यापाशीं उजवीकडे वळतात, आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येकडून आपल्याकडे धांवतात. हजारों किलोमीटरांच्या या वाटेवर ते समुद्राची वाफ पोटांत भरून घेतात. जूनच्या पहिल्या तारखेच्या सुमारास ते केरळांत पोंचतात, आणि साधारणतः दहा-अकरा दिवसांनीं मुंबईस.

किनाऱ्यावरून थोडें आंत येतांच त्यांच्यापुढें सह्याद्रि उभा राहतो. मार्ग नाहीं म्हणून हवा वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते. पसरते म्हणून थंड होते. कोरडी हवा दर हजार मीटरांच्या चढणीस सुमारें १० अंश सेल्सिअसनें निवते. ढग बनूं लागल्यावर हें प्रमाण कमी होतें. थंड हवेंत गरम हवेइतकी वाफ मावत नाहीं. जी मावत नाहीं तिचे ढग होतात व पाऊस पडतो. पाऊस होतांना वाफेंतील उष्णता मोकळी होऊन हवेस आणखी वर लोटते, आणि वाऱ्याची ओढ वाढते. वारा पाऊस आणतो हें जितकें खरें, तितकेंच पाऊस वाऱ्यास ओढतो हेंहि खरें.

घाटमाथा ओलांडल्यावर मात्र उलट क्रम लागतो. हवा खालीं उतरते, दाबली जाते, तापते. तिची उरलीसुरली वाफ तिच्या पोटांत सहज मावते, ढग विरतात, आणि वारा कोरडा होऊन पुढें जातो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे. तेथें वर्षांत ५,५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेस थोड्याच अंतरावर असलेल्या पांचगणीस त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. आणखी पूर्वेस, महाबळेश्वरापासून सरळ रेषेंत शंभर किलोमीटरांच्या आंत असलेल्या माण तालुक्यांत वर्षाची सरासरी ५०० मिलिमीटरांच्या आंतबाहेर आहे. म्हणजे साधारण अकरावा हिस्सा. वारा तोच, महिना तोच, आकाशहि एकच.

त्या प्रतिवादीच्या प्रश्नाचें उत्तर हें आहे. वाऱ्यानें पाणी महाबळेश्वराच्या डोंगरावर ठेविलें. तेथून तें कृष्णा, कोयना, वेण्णा यांच्या वाटेनें आपल्या दारीं आलें. आपल्या विहिरींत, आपल्या उसांत, आपल्या गुऱ्हाळांत व कारखान्यांत, आणि उसाच्या पैशावर चालणाऱ्या आपल्या पेढ्यांत तें आलें. ज्या गांवीं आज ही सभा भरली आहे तें कृष्णाकांठचें गांव आहे. येथील समृद्धींत आपल्या श्रमांचा वांटा मोठा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु माणदेशांतील शेतकरी श्रमांत आपणांहून उणा नाहीं. फरक एका डोंगराच्या जागेचा आहे. दोघांच्या लायकीचा निवाडा करून वाऱ्यानें हें वांटप केलेलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, कमी पाऊस हा त्या मुलखाचा नित्याचाच भाग आहे. त्यानें त्या बेतानें राहावें. तो राहतोच. मृगावर भरंवसा ठेवून बाजरी, मटकी यांजवर तो थोडें धाडस करतो. पण त्याची खरी भिस्त उत्तरा व हस्त या नक्षत्रांवर असते. सप्टेंबरांत बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टे आणि परतीच्या काळांतील गडगडाटी सरी यांवर त्याचा शाळू उभा राहतो. पांचशे मिलिमीटरांत संसार कसा करावा हें त्यानें पिढ्यान् पिढ्या साधलें आहे. संकट येतें तें जेव्हां पांचशांचेहि तीनशें होतात, किंवा सारा पाऊस दोन दिवसांत पडून वाहून जातो तेव्हां. ज्याच्या खात्यांत मुळांत शिल्लकच थोडी, त्याची थोडी तूटहि दिवाळें काढते. हा हिशेब व्यापाऱ्यांस आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं.

ही तूट कां पडते, याचाहि शोध लागलेला आहे. कधीं पावसाळ्याच्या भर मध्यावर कमी दाबाचा पट्टा उत्तरेस सरकून हिमालयाच्या पायथ्याशीं जातो. मग तिकडे पूर येतात आणि आपल्याकडे कोरडें पडतें. २०२३ सालचा ऑगस्ट महिना हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशांतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. कधीं कारण याहूनहि दूरचें असतें. प्रशांत महासागरावर एरव्हीं पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात व उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटून ठेवतात. कांहीं वर्षीं हे वारे मंदावतात. उबदार पाणी पेरू देशाच्या बाजूस पसरतें, पावसाचें ठाणें तिकडे सरकतें, आणि आपल्या बाजूची हवा वर चढण्याऐवजीं खालीं बसूं लागते. पेरूच्या कोळ्यांनीं या प्रकारास ‘एल निनो’ असें नांव दिलें. १९०४ सालीं हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनीं मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याच्या यत्नांत दूरदूरच्या ठिकाणचे आंकडे ताडून पाहिले, आणि दोन महासागरांवरील दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणें वरखालीं होतात हें दाखविलें.

१८७६ ते १८७८ चा महादुष्काळ, १८९९ चा छप्पनचा दुष्काळ, आणि आपल्यापैकीं वडील माणसांच्या आठवणींतील १९७२ चा दुष्काळ, या तिन्ही वेळीं प्रशांत महासागरावर एल निनो होता. मात्र एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडतोच असें नाहीं. १९९७ सालीं तो अतिशय जोराचा असतांहि देशांत पाऊस सरासरीइतका झाला; आपल्याच हिंदी महासागराच्या पश्चिम भागांतील उबदार पाण्यानें त्या वर्षीं तोल सांवरला, असें अभ्यासक मानतात. तेव्हां अमुक सालीं दुष्काळ पडेल हें कोणी छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. परंतु कांहीं वर्षांच्या अंतरानें तो पडेल, आणि पडेल तेव्हां डोंगराच्या पूर्वेकडे पहिल्यानें पडेल, हें नि:शंकपणें सांगतां येतें.

आणि येथें आम्ही आमच्या धंद्याच्या गोष्टीकडे येतों. कायद्यांत ‘दैवी कृत्य’ या नांवाचा एक बचाव आहे. जी घटना मनुष्याच्या हातची नव्हे, आणि वाजवी सावधगिरी बाळगूनहि जी आधीं ओळखतां किंवा टाळतां आली नसती, तिच्याबद्दल मनुष्यास जबाबदार धरूं नये, असें त्याचें तत्त्व आहे. पण कोर्टें हा बचाव सहजासहजीं मान्य करीत नाहींत. स्कॉटलंडांतील ग्रीनॉक येथें ओढ्याचा प्रवाह वळवून बांधकाम केलेलें होतें. अतिवृष्टि होऊन पाणी लोकांच्या मालमत्तेंत शिरलें. पाऊस असाधारण होता, एवढ्यावरून जबाबदारी सुटत नाहीं, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९१७ सालीं दिला. पाऊस देवाचा खरा. पण तो कधींतरी असा पडेल हें धरून चालणें मनुष्याचें काम.

अवर्षणासहि आम्हांस तोच न्याय लागू वाटतो. ज्या काळीं वाऱ्याचें कारण कोणास ठाऊक नव्हतें, त्या काळीं दुष्काळास दैवकोप म्हणून हात जोडून बसणें क्षम्य होतें. तरीहि तेव्हांचीं थोर माणसें हात जोडून बसलीं नाहींत. याच पर्जन्यछायेंतील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं सरकारी कोठारें भुकेल्यांस मोकळीं केलीं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. १८७६ च्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची स्थिति नोंदवून सरकारपुढें मांडली. त्या कामांत पुढाकार घेणारे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हेहि वकीलच होते. त्यांस वाऱ्याचें शास्त्र आजच्याइतकें ठाऊक नव्हतें. कर्तव्य ठाऊक होतें. आपणांस शास्त्र ठाऊक झालें आहे. मग कर्तव्य कमी कसें होईल? आमच्या मतें तें वाढलें आहे, कारण ‘आम्हांस कल्पना नव्हती’ हा बचाव आतां आपणांस उरलेला नाहीं.

२०१५ सालीं पाऊस तुटीचा झाला. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी भरून तें लातुरास नेण्यांत आलें. मिरजेस भरलेलें तें पाणी कृष्णेच्या खोऱ्यांतलें. म्हणजे वाऱ्यानें घाटावर ठेविलेलें. जें वाऱ्यानें पुढें नेलें नाहीं, तें माणसांनीं रुळांवरून पुढें नेलें. त्या गाडीचा विचार करितांना आम्हांस समितीच्या कामाचें नेमकें स्वरूप कळलें. आपण भिक्षा घालीत नाहीं. वाऱ्यानें अर्ध्या वाटेंत उतरविलेला माल आपण पत्त्यावर पोंचवीत आहों.

पण गाडी निघाली ती तहान लागल्यावर. आणि आपल्या समितीच्याहि कार्यांत आजवर हाच दोष राहिला आहे, हें आम्ही सभासद या नात्यानें कबूल करितों. दुष्काळ जाहीर होतो, वर्तमानपत्रांत चित्रें येतात, मग आपण सभा भरवितों, मग वर्गणी जमते. तोंवर जनावरें बाजारांत मिळेल त्या भावानें गेलेलीं असतात. एकदां दावणीची बैलजोडी व दुभती म्हैस गेली, कीं पुढें पाऊस चांगला झाला तरी तें घर चार-पांच वर्षें उठत नाहीं. भुकेच्या वेळीं दिलेल्या धान्यानें जीव वांचतो. त्याच्या सहा महिने आधीं दिलेल्या वैरणीनें संसार वांचतो.

म्हणून या वर्षीं आमची विनंती नेहमींहून निराळी आहे. व्यापारी मंडळींस आमचें मागणें आहे कीं, त्यांनीं वर्गणी सुकाळांत द्यावी आणि ती कायम ठेव म्हणून द्यावी. जुलै कोरडा जातांच सभेची वाट न पाहतां कार्यवाहांस ती खर्चितां यावी. तसेंच डोंगरापलीकडील खातेदारांची उधारी तुटीच्या वर्षीं एक हंगाम पुढें ढकलावी. ती माफ करा, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची उधारी आज थकली तो पुढील हंगामीं आपलाच गिऱ्हाईक आहे. बागायतदार मंडळींस आमचें मागणें आहे कीं, उसाचे वाढे व कडबा यांचा ठराविक हिस्सा दरसाल समितीच्या गंजींत घालावा; चांगल्या वर्षाचा कडबा वाईट वर्षीं सोन्याच्या मोलाचा होतो. आणि इतर दात्यांस मागणें आहे कीं, गांवतळ्यांतील गाळ काढणें, शेतांच्या ताली बांधणें, ओढ्यांवर बांध घालणें या कामांस त्यांनीं पैसा द्यावा. म्हसवडजवळील राजेवाडीचा तलाव हा एकोणिसाव्या शतकांतील दुष्काळी कामांतूनच उभा राहिलेला आहे. पांचशे मिलिमीटर पाऊस थोडा खरा. पण पडेल तेथें अडविला तर तो निरुपयोगी नाहीं.

शेवटीं एक कबुली देऊन आम्ही खालीं बसूं. त्या दाव्यांत आम्हीं जें म्हटलें तें कायद्यास धरून होतें. पाऊस न येणें हा उधारीस बचाव नव्हे, हें आजहि खरें आहे. परंतु त्याच नियमाची दुसरी बाजू आम्हीं तेव्हां पाहिली नाहीं. पाऊस न येणें हा जर ऋणकोस बचाव नव्हे, तर ज्यांच्या अंगणांत त्याच्या वांट्याचा पाऊस पडला त्यांसहि तो बचाव असूं नये. तो प्रतिवादी पुन्हां आम्हांस भेटला नाहीं. भेटता तर त्याच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस नकाशावर दाखवितां आलें असतें. पण त्यानें त्याचें समाधान झालें नसतें. पाणी कोठें ठेविलें हें कळल्यावर माणूस दुसरा प्रश्न विचारतो: मग तें मला केव्हां मिळणार?

त्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर वाऱ्याकडे नाहीं, आपणांकडे आहे. वर्गणीची वही टेबलावर ठेविली आहे. पुढील मृगापूर्वीं ती भरावी, एवढीच विनंती.